‘गेली’ म्हणजे कुठे?

भाच्याचा, निलेशचा फोन आला तेव्हा मी डिंडोलीच्या घरी मेथी निवडत बसले होते. “आत्या, पप्पा गेले,” तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? “कुठे गेले?” मग माझं मलाच कळलं, मी काय विचारलं ते. हा प्रश्न माझा नव्हताच हो. तो माझ्या भावाचा. त्याच्या तोंडून इतके महिने ऐकला की माझ्या जिभेवर बसला. आता त्याला जाऊन काही आठवडे झालेत, पण तो ‘कुठे’ अजून उतरलेला नाही.

भाऊ इथे सुरतेतच एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचा. वडील कापडाच्या लूमवर कामाला, घरात अहिराणी आणि वर्गात याची फर्डी गुजराती! स्मरणशक्ती हा त्याचा जीव की प्राण. फळ्यावर दोन खोल्या काढायचा, पुढची छोटी, मागची मोठी. जुनं म्हणणं असं, की नवी गोष्ट आधी पुढच्या खोलीत येते, घोकली की मागच्या खोलीत जाऊन कायमची राहते. “पर्वत पाटियाच्या चौकात दुकानाचा नंबर पुटपुटत चाललात आणि कोणी ‘केम छो’ विचारलं, की नंबर गेला,” असं सांगून पोरांना हसवायचा. मग स्वतःच ते चित्र खोडायचा. नुसतं घोकून आत जात असतं तर तुमच्यातले निम्मे नापास का होतात? नवी मांडणी त्याला जास्त पटायची. तिच्यात पुढची खोली म्हणजे गोदाम नाही, चालू कारखाना. एक जण ऐकलेला आवाज फिरवत ठेवतो, एक जण पाहिलेलं चित्र धरून ठेवतो, आणि वर एक मुकादम. “पण हा मुकादम नेमकं करतो काय, ते कोणी धड सांगत नाही,” म्हणायचा. “बापाच्या लूमवर तरी कुठे कळायचं!”

मग त्याच्या मेंदूला सूज आली. ताप उतरला, बोलणंचालणं जसंच्या तसं. डॉक्टरांनी सांगितलेले आकडे त्याने सुलटे म्हटले, उलटेही म्हटले. डॉक्टर खूश, आम्ही खूश. आणि डॉक्टर पाणी पिऊन परत आले, तर हा विचारतो, “आपण कोण?” जुनं सगळं शाबूत होतं, मी, निलेश, बापाचा लूम. नवं काही टिकत नव्हतं. समजावून सांगितलं की तोच शांतपणे म्हणायचा, “पुढची खोली चालू आहे, लते. मधलं दार चिणलं गेलंय.”

त्याच वर्षी थंडीत आमची कमलवहिनी गेली. हृदय बंद पडलं, बसल्या जागी. भाऊला मीच सांगितलं. ढसाढसा रडला. मग डोळे पुसून, वर्गात बोलायचा तसा बोलला, “हे माझ्याजवळ राहणार नाही. मी पुन्हा विचारीन. गावाला गेली वगैरे थापा मारू नका. माझी बायको मेली, ते मला माहीत नको?” मी शब्द दिला. आणि तो पुटपुटायला लागला… “कमल गेली, कमल गेली…” बातमी निसटू नये म्हणून धरून बसला होता बिचारा. तेवढ्यात सूनबाई आली, “पप्पा, चा.” त्याने कप घेतला. ओठ हलतच होते. “कमल गेली…” मग माझ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाला, “कोठे गयी ती? अजून आली नाही?”

शब्द राहिला होता, मरण गळून पडलं होतं.

निलेश वैतागायचा. “आत्या, जवा दे ने, सोड ना! गावाला गेली म्हण आणि मोकळी हो.” मी ऐकलं नाही. तो विचारायचा, मी सांगायचे, आणि तो दर वेळी नव्याने कोसळायचा. दुसरं कोणी सांगायला धजत नव्हतं, म्हणून सगळं माझ्याच वाट्याला. राग यायचा मला… त्या तापाचा, निलेशचा, त्या फळ्यावरच्या खोल्यांचाही.

भाऊच्या गोडादऱ्याच्या घरात झोपाळा आहे. मी आले की भाऊ आपोआप एका बाजूला सरकायचा, “ये, बस” म्हणायचा. हळूहळू ते बंद झालं. मी दारात दिसले की मधोमध बसायचा, दोन्ही हातांनी कड्या घट्ट धरून. एकदा न राहवून विचारलं, “भाऊ, जागा नाही का देणार?” माझ्याकडे बघेना. “तू आलीस की पोटात गोळा येतो, लते. का, ते कळत नाही. तू माझं काही वाईट केलंयस का?” मग स्वतःच म्हणाला, “थांब, कमलला येऊ दे. तिला विचारतो.”

त्या दिवशीही मी सांगितलं.

भाऊच्या दोन्ही चित्रांत याला जागा नव्हती. बातमी आत पोचलीच नाही, पण तिचा मार आत पोचला, आणि त्यावर नाव लागलं माझं. कुठल्या दाराने गेला तो? हे समजावून सांगणारा एकच माणूस होता आमच्या घरात.

परवा गोडादऱ्याला गेले होते. झोपाळा रिकामाच होता. निलेश म्हणाला, “आत्या, बस ना त्यावर.” मी खाली फरशीवर बसले. भाऊ अजून सरकलेला नाही.