तारखेचा सदरा

ट्रंकेचं झाकण उघडलं, की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मी पुन्हा हदगावच्या बाजारात, शिंप्याच्या मशीनशेजारी उभी असते.

बांधावरच्या मारामारीत माझ्या वडिलांचं, अण्णांचं, नाव कुणीतरी उगाच गोवलं, तेव्हा मी पहिलीत होते. कोर्टात घालायला त्यांनी एक पांढरा सदरा राखून ठेवला होता. तारीख यायची, पुढची पडायची, सदरा धुऊन ट्रंकेत जायचा. कॉलर विरली, तेव्हा शिंप्यानं ती उसवून उलटी बसवून दिली होती.

आता मी दहावीत होते. शिंप्यानं तीच कॉलर दारातल्या उन्हापुढं धरली. ऊन आरपार आलं आणि अण्णांच्या गालावर जाळीसारखं हलत राहिलं.

“अण्णा, ही बी बाजू गेली. कॉलरीला दोनच बाजू असत्यात.”

“पुढची तारीख शेवटची म्हणले वकीलसाब,” अण्णा हसले. “तेवढ्यापुरती टिकव.”

मीही हसले. ते ऊन मला किती सुंदर वाटलं होतं!

अण्णा निर्दोष सुटले. त्या दिवशी त्यांच्या अंगात जावयानं घेतलेला सदरा होता, आणि त्यांचं बोट धरून चाललेली माझी मुलगी पहिलीत होती.