अठ्ठावीस दिवसांची तयार वही

मे महिन्यातला दुसरा शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. रक्कम दोन लाख चौऱ्याऐंशी हजार, त्यात विमानाचं तिकीट धरलेलं, जेवण धरलेलं नाही. हजर माणसं पाच: मी, माझी बायको, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली आमची मुलगी, फ्रेंचचा क्लास चालवणाऱ्या बाई, आणि आपल्या मुलाचे पैसे भरायला आलेले एक व्यापारी गृहस्थ. जागा भाईंदर पश्चिमेला, फरसाणाच्या दुकानावरचा पहिला मजला. खालून तळणीचा वास सारखा वर येत होता.

मुलगी जूनमध्ये चार आठवडे फ्रान्समधल्या एका छोट्या शहरात भाषा शिकायला जाणार होती. पैसे मी सहा वर्षं बाजूला टाकत आलो होतो, त्याबद्दल तक्रार नव्हती. तिथे वीसपैकी दहा गुण मिळाले, तर तिच्या पदवीत चार क्रेडिट जमा होणार होती. नाही मिळाले, तर इथे वर्षभर एक जादा पेपर. म्हणून मी गुणांचा कागद मागून घेतला आणि वाचला. हजेरी आणि वर्गातला सहभाग वीस टक्के. लेखी परीक्षा तीस. रोजची वही तीस, म्हणजे दिवसाला एक पान, कुठे गेलो, कोणाशी बोललो, ते फ्रेंचमध्ये. आणि त्या वहीवरची तोंडी परीक्षा वीस. बेरीज बरोबर शंभर येत होती. मला कागद आवडला.

"वहीचं टेन्शन नका घेऊ काका," बाई म्हणाल्या. "ती आपण इथूनच करून देतो."

त्यांनी कपाटातून गेल्या वर्षीच्या तीन वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. तीन मुलांच्या, तीन हस्ताक्षरांतल्या. मला फ्रेंच येत नाही. मुलीला म्हटलं, सतरावा दिवस वाच. तिने पहिल्या वहीतला वाचला: बाजारात गेलो, चीज विकणारी एक म्हातारी भेटली, तिचा नवरा वारला होता, तिने चवीला तुकडा फुकट दिला. दुसऱ्या वहीत सतराव्या दिवशी तीच म्हातारी. तिसऱ्या वहीतही तीच. तिन्ही वेळा तुकडा फुकट.

"जाण्याआधी मुलं आपल्या अक्षरात उतरवून घेतात," बाई म्हणाल्या. "तोंडीचे प्रश्नसुद्धा पाठ करून घेतो. साडेसात हजार फक्त. तिकडे मग मोकळेपणाने फिरायचं."

मी काशीमीऱ्याला एका गोदामात स्टोअरकीपर आहे, तेवीस वर्षं. ट्रक दारात लागायच्या आधी आवक लिहिणारा एक माणूस आमच्याकडे होता. तो एका दिवसात घरी गेला. आणि इथे अठ्ठावीस दिवसांची आवक, तीही एका म्हातारीच्या दुःखासकट, फरसाणाच्या दुकानावर बसून लिहून मिळत होती. मी तिन्ही वह्या मिटून परत सरकवल्या.

"हे आम्हाला नको," मी म्हणालो.

व्यापारी गृहस्थ हसले. "अरे भाईसाब, मार्क्स का मामला है, पूजा का थोड़ी है."

"म्हणूनच," मी म्हणालो. त्यांना ते कळलं नाही. मी मूळ रक्कम भरली, पावती घेतली आणि उठलो.

घरी चालत येताना बायको म्हणाली, "अकरा मुलं चाललीत. दहा जण घेतायत. आपल्याच पोरीला वाऱ्यावर सोडायचं?"

"स्वतःचं स्वतः लिहिणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं?"

मुलगी मागून चालत होती. ती म्हणाली, "पप्पा, आठवीत माझा उत्तनच्या कोळ्यांवरचा प्रोजेक्ट कोणी लिहिला होता?"

मी लिहिला होता. एका रविवारी, पंख्याखाली बसून. चार मुलाखती होत्या त्यात, चारही माझ्या डोक्यातल्या. उत्तन घरापासून बसने पाऊण तासावर, पण गेलो नव्हतो. वीसपैकी वीस मिळाले होते आणि मी ते ऑफिसात सांगितलंही होतं.

"ते शाळेचं होतं," मी म्हणालो.

जूनमध्ये ती गेली. दर रविवारी दुपारी फोन यायचा. पहिल्या दोन आठवड्यांची वही तिची तिने लिहिली. वाक्यं लहान असायची, पानं शिक्षकांच्या लाल शाईने भरून परत यायची. बाकीच्यांच्या वहीत लाल शाई जवळजवळ नाही, असं ती सांगायची. बाकीची मुलं संध्याकाळी नदीवर असायची आणि ही खोलीत शब्दकोश घेऊन. तिसऱ्या आठवड्यात तिला ताप आला. चार दिवस अंथरुणात.

शेवटच्या रविवारी फोन आला तेव्हा आवाज बसलेला होता.

"पप्पा, तोंडी झाली. एक सांगू? ओरडू नका."

"सांग."

"सोळा ते एकोणीस, हे चार दिवस मी उतरवले. तयार वहीतून."

"तयार वही तुझ्याकडे कुठून आली?"

माझ्या बायकोने मागून, भांडी पुसता पुसता, सांगितलं, "मी दिली. माझ्या भिशीतले साडेसात हजार. तुम्ही पावतीला वळलात, तेव्हाच बाईंना सांगितलं होतं. नापास झाली असती तर तुमच्या तत्त्वाने दिला असता का तो जादा पेपर?"

फोनवर मुलीला विचारलं, पुढे काय झालं.

तिथल्या शिक्षकांनी वही आणि हजेरीपट शेजारी शेजारी ठेवले होते. सतराव्या दिवसावर बोट ठेवून त्यांनी शांतपणे विचारलं, त्या दिवशी तर तू आजारी म्हणून गैरहजर आहेस, मग बाजारात कशी गेलीस? तयार वहीला ताप माहीत नव्हता. उतरवताना मुलीच्याही ते लक्षात आलं नव्हतं, अंगात शंभर-एकशेदोन होता तिच्या.

"ताप उतरला म्हणून गेले, असं सांगता आलं असतं," ती म्हणाली. "ते विचारत होते चीजवाली कशी होती. मला तोंडात काहीतरी घाण आल्यासारखं झालं. सांगून टाकलं, की मी गेलेच नाही."

"बाकीच्या दहा जणांचं?"

"त्यांचं कशाला सांगू? त्यांच्याबरोबर एका छताखाली राहते मी."

निकाल तिने फोनवरच पाठवला. मी कागदावर मांडला. सहभाग वीसपैकी चौदा, त्याचे दोन पूर्णांक आठ. लेखी दहा, त्याचे तीन. वही आठ, त्याचे दोन पूर्णांक चार. तोंडी आठ, त्याचे एक पूर्णांक सहा. बेरीज नऊ पूर्णांक आठ. शून्य पूर्णांक दोनने नापास. दुसऱ्या दिवशी क्लासच्या ग्रुपवर बाकीच्यांचे आकडे आले, तेरापासून सोळापर्यंत, खाली टाळ्यांची चित्रं. त्या शिक्षकांनी एकच म्हातारी दहा वेळा वाचली असणार. वाचली नसेल, तर पगार कशाचा घेतात? वाचून सोडली असेल, तर आणखी वाईट. मी दोन्ही शक्यतांवर विचार केला आणि दोन्हींची किळस आली. पण सगळ्यात जास्त किळस मला त्या रविवारच्या पंख्याची येत होती. तिला हे शिकवणारा पहिला माणूस घरातच होता.

शिक्षकांनी एक वाट ठेवली होती. फेरतपासणीचे पन्नास युरो भरायचे आणि तीन आठवड्यांत चार पानं नव्याने लिहून पाठवायची: आपल्या गावातला बाजार, स्वतः जाऊन, माणसाशी बोलून.

ती परत आल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही दोघं बसने उत्तनला गेलो. बायकोला विचारलं, येतेस का? "तुमचं तुम्ही निस्तरा," म्हणाली, पण पिशवी दिली.

बोटी पावसाळी मासेमारीबंदीमुळे काठाला होत्या. बाजारात सुक्या मासळीच्या तीनचार टोपल्या, वर प्लास्टिक. एका म्हाताऱ्या बाईपुढे मुलगी वही उघडून बसली.

"काय गो, लिवतंस काय?" बाईने विचारलं.

"आजी, अभ्यासासाठी लिहितेय. तुमच्याबद्दल."

"माजं नाव लिवू नको. भाव लिव."

मुलगी हसली आणि भाव लिहून घेतला. पावसात माल कसा सांभाळता, किती वाजता येता, घरी कोण, असं विचारत गेली. बाई अर्ध्या प्रश्नांना उत्तरं देत होती, अर्ध्यांना माश्या हाकत होती. मला राहवेना. मी विचारलं, "पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा लोक जाळी विणताना गाणी म्हणतात ना?" हे मी लिहिलेल्या त्या आठवीच्या प्रोजेक्टमधलं वाक्य होतं.

बाईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गानी? गानी कोन म्हनतंय? बोटीचा हप्ता काय पावसात थांबतो? गानी म्हनायला तू ये." शेजारची बाई पोट धरून हसली. मुलगी मान खाली घालून लिहीत होती, तिचे खांदे हलत होते.

दोन तास बसलो. मग बाई म्हणाली, "लिवून झालं, आता घे तरी काय. सकालपास्नं बोहनी न्हाय."

चार पानं तिने दोन दिवसांत लिहिली. चुका असतील म्हणाली, मी म्हटलं असू देत. नऊ दिवसांनी वहीचे अकरा झाले. अकराचे तीन पूर्णांक तीन. बेरीज दहा पूर्णांक सात. चार क्रेडिट जमा.

मी क्लासच्या बाईंकडे एकदा जाऊन आलो, साडेसात हजार परत मागायला. "ते नॉन-रिफंडेबल आहे काका," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या मुलीने वापरली ना चार पानं?" टेबलावर नव्या बॅचच्या वह्यांचा गठ्ठा होता. मी खाली उतरलो.

शेवटी भरलेलं असं: मूळ रक्कम आणि साडेसात हजार क्लासच्या बाईंना, दोन्ही गेले. फेरतपासणीचे पन्नास युरो, बँकेचं शुल्क धरून पाच हजार तीनशे चौऱ्याहत्तर रुपये, तिथल्या संस्थेला. आणि तीनशे पन्नास रुपये, सुके बोंबील आणि पाव किलो सुकट, उत्तनच्या त्या बाईला. चवीला तिने काही फुकट दिलं नाही.