नऊचे आठ करणारी नेल्डा

नेल्डा पहिल्यांदा दिसली तेव्हा आर्डिथने तिला चोर समजून पहारेकऱ्याला हाक मारली होती. हे सांगताना तिला अजून हसू आवरत नाही. तिचं तरी काय चुकलं म्हणा? सकाळी आठ वाजता एक धिप्पाड बाई पोकर या पत्त्यांच्या जुगाराच्या मशीनचं दार उघडून खांद्यापर्यंत आत घुसलेली, तोंडात टॉर्च, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. पहारेकरी म्हणाला, "आजी, ही आमची मेकॅनिक आहे." तोंडातला टॉर्च काढून नेल्डा आतूनच म्हणाली, "त्यांना माझा पगार सांग, म्हणजे चोर कोण ते कळेल."

तेव्हापासून दोघींचं जमलं.

बोल्डर हायवेवरच्या त्या कॅसिनोत पर्यटक फिरकत नाहीत. येतात ती आसपासची निवृत्त मंडळी, कुणी तर नाकात ऑक्सिजनची नळी घालून. आर्डिथने तीस वर्षं शाळेची बस चालवली. नवरा वेंडेल गेल्यावर घरात टीव्हीशिवाय कुणी बोलेना, तशी ही इथे येऊन बसायला लागली. खिडकीजवळच्या सात मशीनपैकी तिसरं तिचं. पाव डॉलरचा डाव, तोही सावकाश. कुठले पत्ते ठेवायचे नि कुठले टाकायचे, सगळं तोंडपाठ. अकरापर्यंत खेळायचं, थोडंसं हरायचं, मग नेल्डाच्या मधल्या सुट्टीत दोघींनी बिस्किटं-ग्रेव्ही, म्हणजे दाट रश्शातले मऊ पाव, खायचे. पेन्शनमध्ये महिना भागायचा. एवढंच काय ते होतं बाईचं, पण तेवढं होतं.

फेब्रुवारीपासून महिना भागेना. वीस तारखेलाच पाकीट रिकामं. एप्रिलमध्ये ती रक्तदाबाच्या गोळ्या अर्ध्या करून घ्यायला लागली आणि त्याबद्दल कुणाशी बोलली नाही. मशीन थंड पडलंय, म्हणून पैसे देत नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. थंड मशीन कधीतरी तापणारच, नि आपण उठलो की नेमकं दुसरीच्या हाताखाली तापेल, म्हणून ती जागा सोडेना.

नेल्डा बघत होती. पण कुठलं मशीन चांगलं नि कुठलं वाईट हे गिऱ्हाइकाला सांगितलं की नोकरी गेली, असा तिथला नियम, आणि तिच्या निवृत्तीला चौदा महिने उरलेले. मग ती काय करायची, तर रोज फडकं घेऊन यायची आणि आर्डिथच्या पडद्यावरची एकच ओळ पुसत बसायची.

"पुसून पुसून भोक पाडशील," आर्डिथ वैतागायची. "हो बाजूला, पत्ते दिसत नाहीत."

"पत्तेच बघ तू," नेल्डा म्हणायची आणि पुढे जायची.

मे महिन्यातल्या एका सकाळी पाकिटातली शेवटची नोटही मशीनने गिळली, तेव्हा आर्डिथ उखडली.

"तूच माझं मशीन आवळलंस. पैसा सुटूच देत नाही."

"कोण आवळतंय? आत बावन्न पत्ते आहेत, बाई. त्यांना हात लावला तर सरकार आमच्या दाराला टाळं ठोकेल."

"मग फेब्रुवारीत याचं दार उघडून काय करत होतीस? वारा घालत होतीस?"

नेल्डाने इकडेतिकडे पाहिलं. "कुठले पत्ते जमले की किती मिळतात, हा वरचा तक्ता वाचतेस कधी?"

"रोज वाचते."

"थापा मारू नकोस. फुल हाउसला किती?"

"एकाला नऊ. बारा वर्षं नऊच."

"लावतेस पैज? हरेल तिने ॲपल पाय खाऊ घालायचा."

"लाव."

आर्डिथने चष्मा वर ढकलला आणि मोठ्याने वाचलं. "आठ." मग खालची ओळ. "फ्लशला पाच." तिथे सहा असायचे. तिने दोन्ही ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं.

"माझ्याच मशीनला का?"

"सातही मशीनना." नेल्डाने हळूच आर्डिथच्या ब्लाउजला चिमट्याने अडकवलेल्या दोरीकडे बोट केलं. दोरीच्या टोकाचं कार्ड मशीनमध्ये खोचलेलं होतं. "तू दाबलेलं प्रत्येक बटण या कार्डातून वर ऑफिसात जातं. तुम्ही सातजणी खेळताना चुकतच नाही, म्हणून कॅसिनोला इथे उरत काही नाही, असं निघालं हिशेबात. मग मला चिठ्ठी आली, नऊचे आठ कर."

"मला वाटलं, कार्ड फुकट कॉफीसाठी असतं."

"कॉफी दिली ना त्यांनी."

आर्डिथने कार्ड उपसून काढलं. ती स्टूलवरून उतरली. "मग उद्या सकाळी मी कुठे बसू?"

शेजारच्या चौथ्या मशीनवरची म्हातारी, तिच्याही पडद्यावर आठच असताना, मन लावून पत्ते निवडत होती.

"तू मला हे सांगितलंस," आर्डिथ म्हणाली. "जाणार आता तुझी नोकरी."

"मी कुठे सांगितलं? वाचलंस तू. मोठ्याने."

"वाचायला लावलंस तू."

"मी फक्त पैज लावली. कॅसिनोत पैज लावायची नाही, तर कुठे लावायची?"