उंच मुलींचा बाक

आधी निपाणीच्या आक्कांचं सांगते, मग माझं. शिक्षकांना शिकवायचं हे त्यांचं काम. त्यातून वेळ काढून त्या गावोगाव फिरतात आणि शाळा सुटलेल्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात फोनवर भरून घेतात. पुढचं पोर तरी वर्गाबाहेर पडू नये म्हणून.

मी सहावीत शाळा सोडली. आता गोव्यात औषधांच्या कारखान्यात खोकी भरते. गणपतीला लोंढ्याला गाडी बदलून गावी आलते, तेव्हा आक्का आमच्या घरच्या सोप्यात, पुढच्या पडवीत बसलेल्या. शाळा का सोडलीस, असं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाल्या, "वर्गात कुठं बसायचीस गं?"

"मागं. उंच व्हते न्हवं."

आमच्या शाळेत उंचीप्रमाणं बसवत. माझी नजर जन्मापासून अधू, चष्म्यानंही पुरती न सुधारणारी. मागून फळा म्हणजे नुसता काळा चौकोन. शेजारणीच्या वहीत डोकवायची, त्याबद्दल मार. "फळा वाचतीस का कौलं मोजतीस?" गुरुजी म्हणायचे, वर्ग हसायचा. एक दिवस गेलेच नाही. मग कधीच नाही.

आक्कांनी विचारलं, "हे तिथल्या शिक्षकांना ऐकवू?" भावाची लेक, माझी भाची, आता त्याच शाळेत. माझ्यासारखीच उंच, तसलीच नजर, आणि तोच मागचा बाक. मी व्हय म्हटलं.

गोव्याला परतल्यावर मात्र धास्ती बसली. भाचीच्या वर्गाच्या बाईंना राग आला आणि तो पोरीवर निघाला तर? माझ्या बोलण्यानं तिची शाळा सुटायची. भावाचा फोन वाजला की आधी पोरगी शाळेत गेली का, तेच विचारायची.

एकदा फोनवर भाचीच आली. "आत्ती, बाईंनी सगळ्यास्नी विचारलं, तुला कुठनं दिसतंय? मला भिंतीकडचा पहिला बाक दिलाय, म्हंजी मागच्यांच्या आड न्हाय. आन् फळ्यावर लिवतील ते मोठ्यानं वाचत्यात."

"पोरी काय म्हणत्यात?"

"म्हणत्यात, ऊस पुढं आला."

"मग तू?"

"म्हटलं, सोलून खावा."

लई दिवसांनी मी पोटभर हसले. लगेच आक्कांना फोन केला. सांगून झालं आणि सहज विचारलं, "आक्का, तुमी कुठं बसायचा वर्गात?"

त्यांनी भाचीचंच पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ दे गं."

इतक्यांचं ऐकून घेणाऱ्या बाईला हे कुणी विचारलेलं नसावं. येत्या गणपतीला सुट्टी मिळेल की नाही, ठाऊक नाही. पण कधीतरी निपाणीला जाईन, त्यांच्यासमोर बसेन, आणि त्या पुरे म्हणेपर्यंत ऐकत राहीन.