खंडेनवमीला बंद पडलेला कॉम्प्युटर

तालमीचा कॉम्प्युटर माझ्या मित्रानं पूजा करून मारला, असं आमच्या पेठेत गेली दोन वर्षं सांगितलं जातं. ते खोटं आहे. आणि खोटं आहे हे सुरुवातीपासून एकट्या मला ठाऊक होतं.

हा मित्र एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला. तालमीच्या ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. त्यावर मी लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम घातली आणि आम्ही दोघांनी तालमीच्या फुटबॉल संघांचे जुने फोटो त्यात भरायला घेतले. फोटो मी स्कॅन करायचो, नावं तो घालायचा. कोण कुठल्या जागेवर खेळायचा, कुणाचा पाय कुठल्या मॅचला मोडला, हे आता फक्त त्याच्याच डोक्यात उरलं होतं. एका बोटानं मराठी टाईप करताना त्याची जीभ थोडी बाहेर यायची.

दसऱ्याच्या संध्याकाळी ते फोटो प्रोजेक्टरनं तालमीच्या भिंतीवर जुन्या खेळाडूंना दाखवायचे ठरले. आणि नेमकी आदल्या सकाळी, खंडेनवमीला, मला लिनक्स अपग्रेड करायची हुक्की आली. गरज काहीच नव्हती. नवी आवृत्ती आल्याची सूचना रोज दिसायची, ती मला बघवत नव्हती, एवढंच.

अपग्रेडमध्ये नवा कर्नल येतो. कर्नल म्हणजे सगळ्या कारभाराचं इंजिन. ते एका छोट्या कप्प्यात राहतं, आणि तो कप्पा अधूनमधून झाडून काढला नाही तर जुनी इंजिनं तिथंच साठतात. मी तो कधीच झाडला नव्हता. काम बरंच पुढं गेल्यावर पडद्यावर ओळ आली की कप्प्यात जागा शिल्लक नाही. मी ती ओळ वाचली, एंटर दाबलं आणि मिसळ खायला गेलो.

परत आलो तर लाठ्या, मुद्गल आणि फुटबॉल यांच्या रांगेत कॉम्प्युटरही बसला होता. पडद्याला झेंडूचा हार, कीबोर्डावर कुंकू. मित्राच्या हातात ताट.

"बंद केलास?" मी विचारलं.

"मग काय चालू मशीनला कुक्कू लावू व्हय?"

आमच्याकडं पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवत नाहीत. त्यामुळं तो दिवस मला नुसतं त्या हाराकडं बघत काढावा लागला.

दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभरा उमटली आणि थांबली. पुढं काही होईना. माणसं जमली. अपग्रेड चालू असतानाच मित्रानं मशीन बंद केलं, असं एव्हाना सगळ्यांना वाटत होतं.

"पूजा चांगलीच लागू पडली म्हणायची," तालमीचे उस्ताद म्हणाले.

"ड्रायव्हरनं चालत्या गाडीची चावी काढली की," दुसरा कुणीतरी म्हणाला.

मित्रानं खरोखर कान धरले, तेही कॉम्प्युटरपुढं. तेव्हाच मी बोलायला हवं होतं. अपग्रेड त्यानं मशीन बंद करायच्या आधीच, जागा संपली तेव्हा, गळपटलं होतं. बटण मी स्वतः दाबलं असतं तरी हेच झालं असतं. पण मी म्हणालो, "असू दे, होतं असं." तेही माफ करणाऱ्याच्या आवाजात.

दुरुस्ती फार अवघड नव्हती. चालू होतानाच्या यादीतून जुना कर्नल निवडला. तो बिचारा मुकाट्यानं सुरू झाला. मग कप्पा साफ केला, अर्धवट राहिलेलं अपग्रेड पुरं केलं, आणि दुपारपर्यंत नवं इंजिनही चालू लागलं. फक्त मराठी कीबोर्ड गायब होता. मित्र उरलेली नावं घालायला बसला तर सगळी इंग्रजी अक्षरं उमटली.

"बघ, माझ्या हातानं मराठी बी गेलं," म्हणून तो उठला.

सेटिंगमध्ये जाऊन मराठी परत जोडायला मला चहा निवायच्या आत जमलं. पण तोवर तो घरी गेला होता. संध्याकाळी निम्मे संघ बिननावाचेच भिंतीवर झळकले, आणि त्यानंतर तो त्या खुर्चीत पुन्हा बसला नाही. पेठेत कुणाचा टीव्ही बिघडला तरी लोक विचारत, "ड्रायव्हर आलता काय घरात?" तो हसायचा. खुर्चीत बस म्हटलं की मात्र म्हणायचा, "नको, माझा हात वाईट हाय."

यंदाच्या खंडेनवमीला सकाळी तालमीत हार ओवत बसलो होतो. उस्तादांसकट सगळ्यांच्या देखत मी ते जागेचं, एंटरचं आणि मिसळीचं सांगून टाकलं.

तो सुई थांबवून ऐकत होता. "आणि हे तुला तवाच म्हाईत हुतं."

"होय."

"लेका, लोकांनी मला टीव्हीच्या खोलीत बसू द्यायचं बंद केलतं. मी व्हरांड्यात चहा पितोय."

आधी उस्ताद हसले. मग बाकीचे. तो सगळ्यांत शेवटी हसला, पण सगळ्यांत जास्त वेळ.

मग त्यानं हार बाजूला ठेवला. "पूजंला येळ हाय अजून. सुरू कर."

मी कॉम्प्युटर लावला. पहिला बिननावाचा संघ पडद्यावर आला. त्यानं चष्मा वर सरकवला, जीभ बाहेर आली, आणि डावीकडून पहिल्या खेळाडूचं नाव एकेक अक्षर करून उमटू लागलं. सेव्ह कुठं करायचं ते दाखवायला मी वाकलो.

"तू लांब हो," तो म्हणाला. "आणि कशालाबी हात लावू नगंस."

मी त्याचा अर्धा राहिलेला हार ओवायला घेतला.