न मळायचं पीठ

माझ्या रुखवतात एक गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता, झाकणाला काच असलेला. लग्नानंतर दोन वर्षं तो वरणगावच्या क्वार्टरमध्ये कपाटावर जुन्या चादरीखाली बसून होता. मी तो काढला नाही, कारण आमच्या घरात स्वयंपाक म्हणजे सासूबाई आणि सासूबाई म्हणजे खापरावरचे मांडे. त्यांना सगळी कॉलनी अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायचे.

अक्का मूळच्या शिंदखेड्याकडच्या. मांड्यांचं पीठ त्या परातीत आपटून, ताणून, पुन्हा आपटून असं काही मऊ करायच्या की ते हातातून ओघळायचं. मग पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. कॉलनीत लग्न निघालं की बायका आधी अक्कांना विचारून जायच्या. मी एकदा प्रयत्न केला, तर मांडा माझ्या मनगटात बांगडीसारखा अडकून बसला. नवरा आठवडाभर हसत होता. मी त्याला दोन दिवस डब्यात कोरडी पोळी दिली.

एका हिवाळ्यात अक्कांची मनगटं सुजली. भुसावळच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता पीठ आपटणं बंद. सूज थोडी उतरली, पण जोर गेला तो गेलाच. अक्का रडल्याबिडल्या नाहीत. त्यांनी खापर शेजारणीला देऊन टाकलं आणि मागच्या दारात बसून राहू लागल्या. गहू निवडायला दिले तर म्हणायच्या, "मन्हा हात आते कामना नही ऱ्हायनात." गहू निवडायला कुठे मनगट लागतं? पण त्यांनी मनानंच हात खाली ठेवले होते. पुढे पुढे तर चहाही मी पुढ्यात ठेवल्याशिवाय घेईनात. घरात एक माणूस जितंजागतं असून पाहुण्यासारखं बसलेलं बघणं मला सोसत नव्हतं, आणि मला सोसेना की मी चिडते. उगाच भांडी आपटायचे.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. नरडाण्याला दिलेली नणंद माहेरपणाला येणार होती आणि घरात पहिल्यांदाच मांडे होणार नव्हते. मी तव्यावरच्या साध्या पुरणपोळ्या करणार होते. अक्कांच्या मांड्यांपुढे त्यांची काही छाप पडणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी ओव्हन खाली काढला. लग्नाआधी एका उन्हाळ्यात देवपूरला मी कुकिंगचा क्लास केला होता. तिथल्या बाईंनी ॲपल पाय शिकवला होता. सफरचंदं आमच्या आवाक्याबाहेरची, पण कैऱ्या ढीगभर होत्या. कैरीच्या फोडी, गूळ, वेलची. सफरचंदाशिवायचा ॲपल पाय.

त्याचं सगळं कसब वरच्या कवचात. मैद्यात गार लोण्याचे तुकडे घालायचे, बोटांच्या टोकांनी जरासे चोळायचे, वाटाण्याएवढ्या गोळ्या तशाच राहू द्यायच्या. बर्फाच्या पाण्याचा शिपका मारायचा, पीठ नुसतं गोळा करायचं आणि मळायचं नाही. त्या लोण्याच्या गोळ्या ओव्हनमध्ये वितळल्या की तिथे पापुद्रे सुटतात. वैशाखात आमच्याकडे लोणी भांड्यातून काढेपर्यंत तूप व्हायच्या बेतात असतं, म्हणून मी पहाटे उठले. म्हशीच्या दुधाचं घरचं लोणी रात्रभर फ्रिजमध्ये होतं. कसंबसं पीठ गोळा केलं, ओल्या फडक्यात गुंडाळून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं आणि आंघोळीला गेले.

परत आले तर स्वयंपाकघरातून धप्प धप्प आवाज येत होता. अक्का परात पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. माझं पीठ त्यांनी बाहेर काढलं होतं, पाणी लावलं होतं, आणि आपटत होत्या. पीठ रेशमासारखं झालं होतं. लोण्याची एक गोळी शिल्लक नव्हती.

"पीठ कच्चं व्हतं," त्या म्हणाल्या. "लोनीना गोया तश्याच व्हत्यात. पाहुणासमोर तुन्ही फजिती व्हती."

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला?" मी म्हणाले. खरं तर ओरडलेच. "एक गोष्ट मला येते या घरात, तीही करू देणार नाही का?"

अक्कांनी हात पदराखाली घेतले आणि उठून मागच्या दारात जाऊन बसल्या.

मी रागाच्या भरात ते तसंच लाटलं, भाजलं आणि दुपारी नणंदेपुढे ठेवलं. तिनं सुरी घातली तर सुरी जाईना. तिनं वहाणेच्या तळाची आठवण काढली, नवऱ्यानं हातोडी आणू का विचारलं, आणि मीही हसले, पण नीट नाही. तेवढ्यात माझं लक्ष अक्कांकडे गेलं. त्या चहाचा पेला दोन्ही तळहातांत दाबून उचलत होत्या. मनगटं पुन्हा सुजून तांबडी झाली होती. जे डॉक्टरांनी बंद केलं होतं, जे आखाजीच्या मांड्यांसाठीही त्यांनी केलं नव्हतं, ते त्यांनी माझ्या पिठासाठी अर्धा तास केलं होतं. माझी फजिती होऊ नये म्हणून. मला माझीच इतकी लाज वाटली की मी मोरीत जाऊन उगाच तोंड धुतलं.

संध्याकाळी मी त्यांच्या मनगटांना शेकायला मिठाची पुरचुंडी घेऊन बसले. माफी मागायचं मनात होतं, पण तोंडातून आलं ते वेगळंच. "चार दिवसांनी परत करू. सूज उतरली की तुम्ही मला मदत करायची." त्या नेहमीचं वाक्य म्हणाल्या, हात आता कामाचे राहिले नाहीत. मी म्हटलं, "ते ठाऊक आहे. हे पीठ हातात जोर असला की बिघडतं. सकाळी तुमच्यात जोर होता, म्हणून तर बिघडलं." त्यांना ते पटलं नाही, पण त्या हसल्या.

नणंद परत निघायच्या दिवशी, उजाडताना, मी परात त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी दोन बोटं मैद्यात घातली आणि माझ्याकडे बघितलं. "जोर नही लावना?"

"अजिबात नाही. नुसती बोटांची टोकं."

क्लासच्या बाई मला नेहमी रागवायच्या, तुझे हात फार गरम, लोणी विरघळतं. अक्कांची बोटं सदाची गार, मे महिन्यातसुद्धा. लोणी त्यांच्या हातात जसंच्या तसं राहिलं. त्या चोळत होत्या ते आधी भीत भीत, मग मन लावून. मी सांगायच्या आतच त्यांनी हात थांबवला. पिठानं कधी पुरे म्हटलं हे त्यांना बोटांनीच कळलं. क्लास करूनही मी ते शिकले नव्हते. मी नुसतं लाटायचं आणि भाजायचं बघितलं. वीज गेली नाही, हे त्या दिवशीचं भाग्य.

नणंदेनं सुरी लावली आणि वरचं कवच चुरचुरत सुटलं. पापुद्रे तिच्या साडीवर, ताटात, जमिनीवर पडले. तिनं बोट ओलं करून ते एकेक टिपून खाल्ले. मग मला म्हणाली, "वहिनी, आता खरं जमलं हं तुम्हाला."

मी उत्तर द्यायच्या आत अक्का म्हणाल्या, "हाई मी करं."

म्हणून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. क्लास मी केला होता, ओव्हन माझ्या रुखवतातला होता, आणि या घरात माझं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं.

"हो," मी म्हणाले. "अक्कांनीच केलं. मी नुसतं भाजलं."

नणंदेला स्टँडवर पोचवून आलो तर अक्का मागच्या दारात नव्हत्या. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या होत्या, आणि चहा त्यांनी ठेवला होता.