आबांची चावी आणि माझा न भाजलेला वाफा

महिन्यातून एका रविवारी मी कामशेतजवळच्या एका गावात विज्ञानाच्या गप्पा घेते. विज्ञान कुणापर्यंत किती पोचलं ते देव जाणे, पण किस्से इतके साठलेत की पोत्याचं तोंड शिवता येईना!

गप्पा होतात देवळाच्या सभामंडपात. मंडपाची चावी आबांच्या करदोड्याला. आबा म्हणजे गावातले जुने भातशेतकरी आणि माझे हाडाचे विरोधक.

*

पहिला विषय वीजबचत. स्टँडबायवरचा टीव्हीसुद्धा वीज खातो, हे मी तावातावाने सांगत होते. आबा मध्येच उठले, माझ्या प्रोजेक्टरची पिन उपटली आणि जागेवर येऊन बसले.

"हां, वाचली. आता तोंडानं सांग."

खोटं कशाला बोलू, भाषण त्यानंतरच रंगलं.

*

प्लॅस्टिकवर बोलले त्या दिवशी शेवटी माझा सत्कार! शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत, नारळ दुसऱ्या पिशवीत आणि वर लोणावळ्याची चिक्की, तिचा तुकडा न् तुकडा वेगळा गुंडाळलेला. मी चिडून पिशव्या परत केल्या.

आबा शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. घरी कचऱ्याला व्हतील."

*

बिनधुराच्या चुलीवर बोलताना मी धुराला इतक्या शिव्या घातल्या की मलाच खोकला आला. डोंगरावरच्या वाडीतल्या ठकूमावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"व्हय बाई, धूर वाईटच. पन आमचं माळ्यावरचं बी धुरानंच किडत न्हाई. चूल तुजी घेते, बियाला काय देतीस?"

पुढच्या महिन्यात सांगते म्हटलं. त्याला पाच महिने झाले. मावशी दर वेळी पहिल्या रांगेत बसतात आणि माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवतात.

*

मग आला राब. भाताचं रोप करायच्या वाफ्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळायचं, त्याला राब भाजणं म्हणतात. त्यापायी दरवर्षी ऐनाच्या झाडांचे खराटे होतात. मी म्हटलं, न भाजताही रोप येतं.

"तू कवा लावलंस?" आबांनी विचारलं.

झालं, पैज लागली. आबांच्याच शेतात शेजारीशेजारी दोन वाफे. एक त्यांचा, भाजलेला. एक माझा, न भाजलेला. बी एकच, पेरणी एकाच दिवशी. माझं रोप सरस निघालं, तर पुढच्या वर्षी आबा ऐनाला कोयता लावणार नाहीत. त्यांचं निघालं, तर सभामंडप भजनी मंडळाला आणि माझ्या गप्पा बंद.

भाजल्याने तणाचं बी मरतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. निकालाच्या आधीच्या गुरुवारी माझा वाफा बघितला, तेव्हा ते समजलं. रोप शोधायला तण बाजूला सारावं लागत होतं. घरी जाऊन मी निरोपाचं भाषण लिहायला घेतलं.

रविवारी सगळं गाव बांधावर जमलं. बघते तर माझा वाफा स्वच्छ! तणाची काडी नाही. नुसतं रोप, आबांच्या रोपाच्या खांद्याला खांदा लावून उभं. टाळ्या पडल्या आणि माझं डोकं सणकलं.

"थांबा. गुरुवारी इथं तण होतं. कुणीतरी उपटलंय. प्रयोग बाद!"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं.

"माज्याकडं काय बघताय? आपल्या रानात तन दिसल्यावर हात गप ऱ्हातो व्हय?"

"आबा, अहो, तुम्ही जिंकत होता."

"आता कुटं जिंकलो? तूच म्हनलीस, प्रयोग बाद. मंग निकाल न्हाई." त्यांनी करदोड्याची चावी सोडून माझ्या हातावर ठेवली. "निकाल लागंस्तवर ही तुज्याकडं. पुढल्या साली तन मातुर तू उपटायचं."